धारेच्या वेळेची मीटिंग

परवा कोल्हापुरात एका एसी हॉलमध्ये माझा सत्कार झाला. विषय होता ‘अन्न आणि शेती उद्योगातील महिला नेतृत्व’. स्टेजवर बसायला पुरुष आणि समई लावायला बायका, अशी नेतृत्वाची रीतसर वाटणी झाली होती. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माझ्यापुढं माइक धरला आणि गोड आवाजात विचारलं, “ताई, तुमच्या यशात मिस्टरांचा वाटा किती?” मिस्टर पुढच्याच रांगेत होते. त्यांनाही फेटा बांधला होता, कशाबद्दल ते संयोजकांनाच ठाऊक. मी म्हटलं, “लई मोठा वाटा हाय. बायकोची साडी नेसायला तयार होणारा नवरा मिळायला नशीब लागतं.” हॉल हसला. आमचे मालक फेट्याखाली लाल झाले. पुढचं सांगायला मला वेळ दिला नाही, कारण महिलांविषयी बोलायचे अजून चार पाहुणे राहिले होते. म्हणून इथं सांगते.

मी मूळची कोल्हापूरच्याच मंगळवार पेठेतली. बी.कॉम. झाले आणि लग्न होऊन कोडोलीच्या अलीकडच्या एका गावात आले. म्हशीला किती पाय असतात एवढंच तेव्हा मला नक्की ठाऊक होतं. धार काढायला शिकवलं ते शेजारच्या अक्कानं. अक्का माझ्याहून वयानं मोठी, आवाज असा की दोन गल्ल्यांना ऐकू जावा. “अगं बया, सड हाय त्यो, देवळातल्या घंटेची दोरी न्हवं!” असं ओरडत तिनं मला शिकवलं. म्हैस माझ्या हाताला सरावली ती कायमची. सासूबाई होत्या तोवर त्यांनाही पान्हा द्यायची. त्या गेल्यावर फक्त मला.

आमच्या गावात महिला दूध संस्था आहे. महिला पाटीवर आहेत. संचालक म्हणून अकरा बायका आहेत आणि कारभाराला त्यांचे अकरा नवरे. मी शिकलेली सून म्हणून मला बिनविरोध चेअरमन केलं. त्या दिवशी गुलाल मालकांच्या डोक्यावर पडला आणि तो धुवायला पाणी मी तापवलं. दुसऱ्या दिवसापासून गाव त्यांना चेअरमन म्हणायला लागलं आणि मला चेअरमनवैनी. म्हणजे मी माझीच बायको झाले की हो!

मीटिंग असायची बरोबर संध्याकाळी साडेपाचला. ती धारेची वेळ. त्या वेळेला गावातली एकही बाई गोठ्यातून हलू शकत नाही. मग नवरे खुर्चीत बसायचे आणि वर म्हणायचे, “आम्ही बोलावतोय, बायकाच येत न्हाईत, त्याला आम्ही काय करणार?” वेळ बदला म्हणून मी एकदा मालकांना सांगून बघितलं. ते म्हणाले, “पिढ्यान्‌पिढ्याची वेळ हाय ती.” संस्था आमच्या थोरल्या पोरापेक्षा लहान, आणि म्हणे पिढ्यान्‌पिढ्या! तरीही मी गप्प बसले. आपल्यालाही घरात शांतता हवीच असते.

गप्प बसणं संपलं ते रश्शामुळं. गावात बाप्यांचं रस्सा मंडळ आहे. दर आठवड्याला मटण शिजतं आणि चूल कुठं मांडायची यावर भांडणं होतात. संस्थेच्या या अकरा नवऱ्यांनी शक्कल काढली, की संस्थेत संध्याकाळचं दूध घ्यायचंच बंद करायचं. संस्थेची शेड चुलीला आपोआप मोकळी. ठरावात अर्थात रस्सा नव्हता. ठरावात ‘विजेची बचत’ होती. तो ठराव माझ्याच अध्यक्षतेखाली मंजूर होणार होता, आणि मला तो कळला अक्काकडून.

आमच्याकडं एक न बोललेली रीत आहे. सकाळच्या दुधाचं बिल घरात जातं, सांजच्या दुधाचं बाईचं असतं. त्याला नवरा हात लावत नाही. अक्काची धाकटी पोर शहरात नर्सिंग शिकते, ती या सांजच्या दुधावर. मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी अक्का आमच्या उंबऱ्यावर बसली आणि पदर डोळ्याला लावून रडायला लागली. त्या आवाजाच्या बाईचं रडणं मात्र अगदी बारीक होतं. म्हणाली, “पोरगीचं शेवटचं साल हाय गं. सांजचं दूध कुटं घालू? तू सांग की त्या संचालकास्नी. तू चेअरमनची बायकू हाईस!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अक्कासुद्धा!

दुसऱ्या दिवशी पाच वाजता मी धुतलेली साडी नेसले आणि मालकांना म्हटलं, “आज मीटिंगला मी जाते.”

“आणि धार?”

“तुम्ही काढा की.”

“मला पान्हा देती व्हय ती?”

“इतकी वर्षं माझ्या खुर्चीत बसलासा. एक दिवस माझ्या जागेवर गोठ्यात बसायला काय झालं? खुंटीवर माझी धारेची साडी हाय, ती गुंडाळा अंगाला. वास वळखीचा आला की म्हैस गप ऱ्हाती.”

यात मी काही जगावेगळं सांगत नव्हते. बाई माहेरी गेली की गावातले कैक मिशीवाले असं करतात. गोठ्याचं दार आतून लावून घेतात, एवढंच. बोलत मात्र कुणी नाही.

मी संस्थेत शिरले तर एकजण म्हणाला, “या वैनी, च्या आणलासा व्हय?” मी सरळ उंच पाठीच्या खुर्चीत जाऊन बसले. ती एवढी मऊ असेल असं वाटलं नव्हतं. सचिवांनी घसा खाकरला, दरवाजाकडं बघितलं, पण मालक काही येईनात. शेवटी त्यांनी हजेरी सुरू केली. ते एकेका बाईचं नाव घेत होते आणि एकेक बाप्या “हजर” म्हणत होता. कुणाला हसू आलं नाही. सवय झाली की माणसाला कशाचंच काही वाटत नाही. माझं नाव आलं तेव्हा “हजर” मी म्हटलं, तर सचिवांचा पेनच अडखळला. त्यानंतर अक्काचं नाव आलं, आणि कोपऱ्यातून तिचा नवरा तंबाखू मळत म्हणाला, “हजर.”

मला आधी वाटलं, मीच चुकीचं ऐकलं. माझ्या उंबऱ्यावर रडून गेलेली बाई स्वतः संचालक होती. नवऱ्यानं दाखवलं तिथं कधीतरी सही केली असणार बिचारीनं. आणि मी चेअरमन, मला माझे संचालक ठाऊक नव्हते! आग तुमच्या कारभाराला, आणि माझ्याही.

सचिवांनी ठराव वाचला. “मंजूर असणाऱ्यांनी हात वर करा,” असं ते म्हणतायत तोच दार धाडकन उघडलं. दारात मालक. अंगावर माझी धारेची साडी, पदर डोक्यावरून घेतलेला, त्याखाली मिशा, आणि गुडघ्यापर्यंत शेण. “अगं ए, चल लवकर! लाथ घातली तिनं, आणि थेंब सोडंना. कास नुसती तटतटलीया!”

जे काय हसणं सुटलं, विचारू नका. एकजण तर “या वैनी, बसा की,” म्हणत खुर्ची पुढं करायला लागला. मला मात्र हसू येईना. कास तशीच भरून राहिली तर सुजते आणि सड कायमचा जातो. मी घरी गेले असते, तर माझ्या मागं ठराव मंजूर झाला असता. थांबले असते, तर जनावर हातचं गेलं असतं. ते मुकं जनावर माझ्यासाठी तिष्ठत होतं आणि हे दात काढत होते.

मी उभी राहिले. “हसताय काय? ह्यांनी माझी साडी आज एक डाव नेसली. तुम्ही तर बायकांची नावं नेसून बसलायसा की हितं, इतकी वर्षं! म्हशीला कळतंय, पण तुम्हास्नी कळंना. सचिव, लिहा. हितं संचालक मी एकटीच हाय. कोरम न्हाय. सभा तहकूब. पुढची सभा दुपारी दोन वाजता, आणि ज्याचं नाव हाय त्यानंच यायचं.”

“असं कधी झालं न्हाय वैनी,” सचिव म्हणाले.

“चेअरमन म्हणा,” मी म्हटलं आणि पळत घरी गेले.

म्हशीनं हात लागताच पान्हा सोडला. मालक साडीतच उंबऱ्यावर बसून मांडी चोळत होते. म्हशीकडं बघत म्हणाले, “लई हुशार हाय ही.” मी म्हटलं, “व्हय. संचालक मंडळात घ्यायला पायजे.” त्या दिवशी किटली उचलून दूध घालायला तेच गेले. साडी सोडून गेले, हे सांगायला नको.

पुढच्या सभेला मी घरोघर जाऊन बायकांना बोलावलं. दुपारी दोनला सगळ्या आल्या. एकीनं पदर सावरत खुर्चीवर फुंकर मारली, जशी काही दुसऱ्याच कुणाची जागा. नवरे बाहेर कट्ट्यावर कान देऊन बसले होते. अक्का सगळ्यात शेवटी आली आणि दारातूनच म्हणाली, “च्या किती जणींचा टाकू गं?” मी तिला हाताला धरून आत बसवलं.

सांजचं दूध बंद करायचा ठराव वाचला. “ज्यांना हा ठराव नको, त्यांनी हात वर करा,” मी म्हटलं. हात भराभर वर गेले. अक्का नुसती सगळ्यांकडं बघत होती. ठराव पडतोय हे बघून तिचे डोळे भरले होते, पण हात मांडीवरच होता.

“अक्का, हात वर कर की. तू संचालक हाईस.”

“कोन, मी?”

“पयल्यापासनं.”

तिनं हात हळूहळू वर केला. वैरणीनं कापलेला, हळदीनं पिवळा झालेला तो हात वर गेला तो खाली येईचना. ठराव पडला, सांजचं दूध चालू राहिलं, बाकीच्या हसायला-बोलायलाही लागल्या. अक्का हात तसाच धरून होती. आणि मग त्या दोन गल्ल्यांना ऐकू जाणाऱ्या आवाजात, कट्ट्याकडं तोंड करून, तिनं विचारलं:

“मग इतकी वर्सं माजा हात कोन वर करत हुतं?”