समोरच्या टॉवरची लेक

टीव्हीवरच्या माणसाला शिव्या घालण्यात आमच्या घरात माझ्या नवऱ्याचा पहिला नंबर आणि माझा दुसरा. त्या संध्याकाळी दहा हजार मीटरची शर्यत चालू होती, कुठलीशी मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा. आपला धावपटू चौथा आला. त्याच्या पुढच्या तिघांच्या बनियनवर झेंडे आखाती देशांचे होते आणि जन्म तिघांचाही आफ्रिकेतला. निवेदकाने सांगितलं की त्यातल्या एकाने दोनच वर्षांपूर्वी देश बदलला, सोबत नावही नवीन घेतलं. नवरा उठून उभाच राहिला. "पैसे फेकले की देश बदलतात साले! उद्या आईबाप बदलतील!" मी चपात्या लाटता लाटता म्हटलं, "एकालाही लाज म्हणून नाही." त्यानंतर अकरा महिन्यांच्या आत मी स्वतः आई बदलली.

मी पळते. वय एकावन्न, नोकरी पतपेढीत, आणि पळणं बोरीवलीत, नॅशनल पार्कच्या गेटपासून आत जमेल तितकं. सकाळी साडेपाच ते सव्वासहा आमच्या बिल्डिंगला पाणी येतं. ते भरून झालं की पिंप झाकायचं आणि निघायचं, मग साडेसात वाजता डब्याला घरी हजर. मला कुणी शिकवलं नाही. चाळिशीत डॉक्टरांनी साखर कमी करायला चालायला सांगितलं होतं. मला चालण्याचा कंटाळा आला म्हणून मी पळायला लागले.

आमच्या रस्त्यावरचं गणपती मंडळ दर जानेवारीत सोसायट्यांच्या शर्यती घेतं. पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना आपल्या ब्लॉकभोवती तीन फेऱ्या. तीन वर्षं ही शर्यत मी जिंकले. मला मिळालं अनुक्रमे भिंतीवरचं घड्याळ, पोळ्यांचा डबा आणि पुन्हा भिंतीवरचं घड्याळ. फिरती ढाल मात्र सोसायटीच्या ऑफिसात राहायची. माझा नवरा सोसायटीचा सेक्रेटरी असल्याने तो ती रोज पुसायचा. मला कधी पाय चेपून दिले नाहीत, पण ढाल पुसायचा.

गेल्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी उभी राहिले आणि म्हटलं, मला पळायचे बूट हवेत, सोसायटीने द्यावेत. मी मुलाचे जुने कॅनव्हासचे बूट घालून पळत होते, पुढे कापूस कोंबून. सभेत सगळे माझ्या नवऱ्याकडे बघायला लागले. त्याने चष्मा काढला, घसा साफ केला आणि म्हणाला, "सदस्यांच्या पत्नीने मांडलेल्या सूचनेची नोंद घेण्यात येत आहे. तथापि अशी तरतूद नाही." तथापि! सकाळी याच माणसाला मी विरजण कुठे ठेवलंय ते दाखवलं होतं. तळमजल्यावरची माझी मैत्रीण तेवढी मागून म्हणाली, "अहो, ढालीला पॉलिश आणता ना दर महिन्याला?" त्याचीही नोंद घेण्यात आली.

समोर टॉवर आहे. आधी तिथे आमच्यासारखीच बिल्डिंग होती, आता बावीस मजले, जिम, तरणतलाव आणि चोवीस तास पाणी. तिथल्या बायका जिममधल्या पट्ट्यावर रोज पाच-पाच किलोमीटर पळायच्या, पण रस्त्यावर आल्या की पहिल्या गटारावर अडायच्या. चार वर्षांत त्यांना एकही ढाल मिळाली नव्हती. डिसेंबरात त्यांच्या कमिटीच्या दोघीजणी पार्कच्या गेटपाशी मला भेटल्या. मी टॉवरकडून पळायचं, बदल्यात अकरा हजार मानधन, चांगले बूट आणि जिममधल्या कोचकडून तयारी.

मी खोटं सांगणार नाही. अकरा हजारांनी मला काही फार फरक पडणार नव्हता. पण माझ्या पळण्याचे कुणी पैसे देऊ शकतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते. घरी जाईपर्यंत मी मनात "तथापि, तथापि" म्हणत होते आणि चौथा मजला चढेपर्यंत होकार देऊन टाकला होता.

अडचण एकच होती, नियम. स्पर्धक त्या सोसायटीत राहणारी हवी, किंवा तिथल्या रहिवाशांची लेक नाहीतर सून. हा लेक-सुनेचा भाग माझ्या नवऱ्यानेच घालून घेतला होता. दुसऱ्या मजल्यावरच्यांची लेक लग्न होऊन विरारला गेली होती, ती चांगली पळायची आणि आम्हाला हवी होती. "लेक लग्न झालं म्हणून परकी होत नाही," असं त्याने मंडळात जोरदार भाषण केलं होतं. टॉवरवाल्यांनी तोच नियम उचलला. त्यांच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला बोलावलं आणि अकराव्या मजल्यावरच्या एका गुजराती काकींनी पंचवीस बायकांसमोर माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, वर बॉक्समधले बूट. काकी माझ्या गालाला हात लावून म्हणाल्या, "आजथी तू मारी दीकरी. बस." मी वाकून नमस्कार केला. काकी माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या.

नवऱ्याने मंडळाकडे हरकत घेतली. मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "काका, लेक म्हणजे लेक. जन्माची का मानलेली, तुमच्या नियमात कुठे लिहिलंय?" नवरा घरी आला, टेबलाशी बसला आणि सोसायटीच्या लेटरहेडवर लिहायला लागला. अर्ध्या तासाने त्याने दोन कागद माझ्यासमोर ठेवले. "आपण संस्थेच्या हिताला बाधा येईल असे वर्तन केल्याचे निदर्शनास आले असून सात दिवसांत लेखी खुलासा करावा." मी विचारलं, "दुसरा कागद कसला?" तो म्हणाला, "पोच. सही कर." मी भाजीचा हात पुसला आणि सही केली, खाली तारीखही घातली. मग आम्ही दोघं एकाच टेबलावर बांगड्याचं तिखलं जेवलो आणि आमचा अबोला सुरू झाला.

तयारी म्हणजे वेगळीच मजा होती. टॉवरच्या कोचने मला पट्ट्यावर चढवलं. अर्धा तास पळून मी जागच्या जागीच होते, याचा मला इतका राग आला की मी मधेच उतरले, आणि पट्टा चालूच असल्यामुळे जिमच्या सोफ्यापर्यंत गेले. त्याने कागदावर आहार लिहून दिला. ओट्स, चिया, उकडलेलं रताळं. काकींनी बजावलं, "शर्यतीपर्यंत मच्छी नको हं बेटा, अंग जड होते." मानलेली का असेना, आई होती, मी मान डोलावली आणि घरी जाऊन सुरमई तळली.

पण बिल्डिंगमध्ये माझी वाट लागली होती. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी हळदीकुंकू असतं. दुसरा मजला झाला, तिसरा झाला. जिन्यातून हसण्याचे आवाज यायचे, अत्तराचा वास यायचा, पण आमची बेल वाजत नव्हती. बायका जिन्यात भेटल्या की एकदम घाईत असायच्या. तळमजल्यावरची मैत्रीणसुद्धा खिडकी लावून घ्यायची, कारण माझ्या जागी पळायला नवऱ्याने तिचं नाव दिलं होतं. ती आयुष्यात फक्त रिक्षामागे पळालेली. वीस वर्षं ह्या बायकांबरोबर मी पापड लाटले, बाळंतपणं काढली, प्रेतंसुद्धा खाली उतरवली. ढाल गेली तर गेली, पण मला ह्या बिल्डिंगमध्ये परत घेतील की नाही, एवढीच धाकधूक आता उरली होती. रथसप्तमीपर्यंत बेल वाजली नाही तर मी समजून घ्यायचं होतं.

आणि घरात सासूबाई. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले, खुर्ची खिडकीत. नोटिशीपासून त्यांनीही तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. शर्यतीच्या आदल्या दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं.

"किती देतत गो?"

"अकरा हजार. आणि बूट."

"कमी मागलंस," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले.

"तुझो सासरो गिरणीत कसो लागलो ता तुका ठाऊक आसा? कबड्डीवर लागलो. गावच्या मंडळातसून खेळा. गिरणीच्या सायबान बघल्यान आणि म्हणालो, आमच्याकडसून खेळ, कायम करतंय. त्याच वर्सा फायनलाक समोर कोण? आपल्याच गावचा मंडळ. पाच जणांका बाद केल्यान मेल्यान."

"मग?"

"मगे काय. शिमग्याक गावाक गेलो, तर पालखयेक खांदो देवक दिल्यानी नाय. सगळे नाचतत आणि ह्यो बाजूक उभो. रडलो. माझ्याकडे पाठ करून रडलो." त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. "ह्या घर त्या नोकरेचा. तुझो घोव शिकलो त्या नोकरेवर. म्हणान तो तुका नोटिशी लिहूक शिकलो."

मी विचारलं, "मग मी काय करू?"

"पळ. पण पैशे घेतलंस तर मगे गाऱ्हाणा सांगूक येव नको."

मला खरं तर त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडायचं होतं, पण गुडघे त्यांचे दुखरे, त्यामुळे मी ओट्यापाशी जाऊन रडले.

शर्यत सकाळी सात वाजता सुटली. टॉवरवाल्यांनी मला निळा टी-शर्ट दिला होता, मागे टॉवरचं चित्र, बावीस मजले, खाली पार माझ्या कमरेपर्यंत. आमच्या बिल्डिंगसमोरून तीनदा जायचं होतं. पहिल्या फेरीला सगळ्या खिडक्या भरलेल्या. एरवी मला बघून बायका थाळ्या वाजवायच्या, आता चिडीचूप. गेटमध्ये नवरा हातात वही घेऊन उभा, नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे. टॉवरकडून ढोल, ताशा आणि "कम ऑन दीदी" चाललं होतं. दीदी कोण, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या फेरीत मी मैत्रिणीला मागून गाठलं, म्हणजे ती अजून पहिल्याच फेरीत होती. सलवार एका हाताने धरलेली, तोंड लाल. मी शेजारून जाताना म्हटलं, "श्वास नाकाने घे." ती म्हणाली, "तू मर." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, दहा दिवसांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली होती.

मी जिंकले, चांगल्या पन्नास पावलांनी. टॉवरवाल्यांनी ढाल उचलली, फोटो काढले, पाकीट हातात दिलं. मैत्रीण सगळ्यांत शेवटी आली. मंडळाची पोरं खुर्च्या आवरत होती, पण तिने तिन्ही फेऱ्या पूर्ण केल्या.

दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन टॉवरमध्ये गेले. म्हटलं, मानलेली का होईना, आई आहे. वॉचमनने विचारलं, "किसके यहाँ जाना है?" मी म्हटलं, "अकरावा मजला, मी त्यांची मुलगी." त्याने मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि वर फोन लावला. कुणी उचलला नाही. रजिस्टरमध्ये नाव लिहायला लावलं, कामाचं स्वरूप म्हणून एक रकाना होता. मी तो कोराच ठेवला, पेढ्यांचा बॉक्स वॉचमनलाच दिला आणि रस्ता ओलांडून घरी आले.

रथसप्तमीच्या संध्याकाळी सहा वाजून गेले तरी बेल नाही. नोटिशीची मुदत संपली होती. खुलासा मी दिलाच नव्हता, आणि नवऱ्याने आठव्या दिवशी स्वतःहून चहा मागितला होता, तेवढी तडजोड झाली होती. मी देवापाशी दिवा लावला आणि मुकाट्याने कुकर चढवला. तेवढ्यात जिन्यात कुणीतरी एकेक पायरी कण्हत चढतंय असं ऐकू आलं. मग बेल न वाजवता दारावरच थाप.

तळमजल्यावरची मैत्रीण. ठेवणीतली साडी, दोन्ही पायांना क्रेप बँडेज, हातात हळदीकुंकवाचं तबक.

"आधी दार पूर्ण उघड. पाय वाकत नाहीत माझे तुझ्यामुळे."

तिने रागारागाने माझ्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं, ते नाकावर सांडलं. मला हुंदका आला.

"रडतेस काय? त्या दिवशी आपल्या कमिटीने सांगितलेलं, कुणी टाळी वाजवायची नाही. कुणी नाही वाजवली. पण तू पहिली आलीस ना, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची एकदम ओरडली, आपली जिंकली! मग सगळ्या तिला ओरडल्या, गप बस, आपली शेवटी आहे म्हणून."

मी रडत रडत हसायला लागले.

"म्हणजे मला घेतलं परत?"

"परत काय घ्यायचंय?" ती म्हणाली. "त्यांनी तुला लेक केलीय ना? मग झालं. लेक माहेरी जाते कधीतरी, चार दिवस मिरवते, लाड करून घेते. राहते कुठे? सासरी. सून तू ह्या बिल्डिंगची आहेस, मरेपर्यंत इथेच मरायचंय तुला. चल, मी जाते. उद्या पापडाचं पीठ भिजवायचंय, दहा वाजता खाली ये."

ती कठडा धरून उतरायला लागली. प्रत्येक पायरीला ती मला एक शिवी देत होती, आणि मी दारात उभी राहून चारही मजल्यांच्या शिव्या शेवटपर्यंत ऐकल्या.