ड्रमवाला त्या दिवशी नव्हता

कॉलेजमधल्या रविवारच्या फिल्मच्या वर्गाला बारावी पास लागत होती. माझ्याकडं होता आठवीनंतर शाळा सोडल्याचा दाखला, तोही घडीवर फाटलेला. खिडकीतल्या क्लार्कनं तो दोन बोटांनी धरून परत दिला. शेजारी उभ्या असलेल्या, तो वर्ग घेणाऱ्या मॅडमनी मात्र मागून घेतला आणि पूर्ण वाचला. आठवीच्या दाखल्यात एवढं वाचण्यासारखं काय असतं, मला अजून कळलेलं नाही.

"कॅमेरा चालवतोस ना? चार रविवार बस," त्या म्हणाल्या. "चौथ्या रविवारी प्रत्येकानं एका रॉक बँडच्या व्हिडिओवर दहा मिनिटं बोलायचं आहे. तू नीट बोललास तर नाव ठेवून घेईन, ऑफिसचं मी बघते. नाही जमलं तर मात्र थांबायचं. राग मानायचा नाही."

राग कसला मानणार? माझं गाव देवगडच्या पलीकडं, समुद्राला लागून. गावचा एक माणूस इथं बँकेत होता, त्यानं मला हिंगोलीत फोटो स्टुडिओत चिकटवलं आणि वर्षभरात त्याची स्वतःची बदली झाली. मी राहिलो. सहा वर्षं झाली. हिंगोली, कळमनुरी, इकडं कनेरगाव नाक्यापर्यंतची लग्नं मी शूट करतो. स्टुडिओचे मालक, आमचे सेठ सांगतील तिथं उभं राहायचं, सांगतील ते घ्यायचं. असंच का, म्हणून विचारलं की सेठ म्हणतात, "गिऱ्हाईक तसंच मागतं." मला त्याच्या पुढचं ऐकायचं होतं, म्हणून तो वर्ग.

वर्गात जे ऐकलं ते वहीत लिहून घेतलं. क्लोज-अप, लो अँगल हे शब्द मला आधीच येत होते. पण मॅडम विचारायच्या, "बघतंय कोण? दाखवतंय कोण? कोणासाठी?" आणि बाकीची पोरं माना डोलवायची. मीही डोलवायचो. घरी येऊन वही उघडली की तेच तीन प्रश्न, खाली कोरं पान.

माझ्या वाट्याला आलेला व्हिडिओ परदेशातल्या चौघांचा होता. एका बंद पडलेल्या कारखान्यात उभे राहून गात होते. इंग्रजी मला कळत नाही, म्हणून आवाज बंद करून दुकानातल्या काउंटरवर पुन्हा पुन्हा लावायचो. सेठ चहाचा कप घेऊन मागं येऊन उभे राहिले.

"काहून रे, भांडणं बघून राहिला का?"

"गाणं आहे सेठ."

"गाणं? मंग त्यो असा तोंड वासून काहून बोंबलून राहिला? दाढ दुखत असंल." थोडा वेळ बघून म्हणाले, "आन् कॅमेरा किती हलवलाय. आपुन असं केलं असतं तर नवरीच्या बापानं मंडपाच्या खांबाला बांधलं असतं."

मला हसू आलं, पण माझं लक्ष ड्रमवाल्याकडं होतं. गाणाऱ्याचा चेहरा चाळीसदा दिसला. ड्रमवाला पाचदा, आणि पाचही वेळा एकटा. बाकी तिघांसोबत एका चौकटीत तो कुठंच नव्हता. शिवाय तिघांच्या सावल्या उजवीकडं पडत होत्या, त्याची डावीकडं.

आमच्या धंद्यात हा माणूस ओळखीचा आहे. लग्नाला एखादा मामा पोचत नाही. गाडी बंद पडते, नाहीतर रुसलेला असतो. आठ दिवसांनी घरचे त्याला फेटा बांधून स्टुडिओत आणतात. मागं मंडपाच्याच कापडाचा तुकडा लावायचा, हातात अक्षता द्यायच्या, रिकाम्या जागेवर टाकायला लावायच्या आणि फिल्ममध्ये बरोबर जागी जोडायचं. आम्ही त्याला जोडमामा म्हणतो, मग तो काका असो की दाजी. सेठनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं, मंडपात उजेड जिकडून होता तिकडूनच दिवा ठेव, न्हाई तर सावली मामाला उघडा पाडती.

हा परदेशातला जोडमामा सापडल्यावर मला इतका आनंद झाला की बाकी काही लिहायचं राहूनच गेलं.

चौथ्या रविवारी माझ्या आधी एक मुलगी बोलली. गायकाचा चेहरा हीच विकायची वस्तू आहे, कॅमेरा ती पुन्हा पुन्हा हातात देतो, असं काहीतरी. सुटा सुटा प्रत्येक शब्द मला कळला. मग मी उठलो.

"हा ड्रमवाला त्या दिवशी आला नव्हता," मी म्हणालो.

वर्ग हसला. मागून एकजण ओरडला, "मग कुठं गेला होता, कळमनुरीच्या बाजाराला?"

"त्याला नंतर बोलावून मधे जोडलाय. आमच्याकडं करतात तसं." मी जोडमामाचं सगळं सांगितलं. सावली दाखवली. हसणं थांबलं. मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या.

"बरं. मग त्याचा अर्थ काय?"

"अर्थ म्हणजे... तो उशिरा आला."

पुन्हा हशा. मॅडम हसल्या नाहीत. "मामाला तुम्ही जोडता कशाला? नसला तर काय बिघडतं?"

"लोक विचारतात ना, मॅडम. मामा कुठाय म्हणून. घरात भांडणं होतात."

"म्हणजे कोण कोण असायला पाहिजे, हे बघणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असतं?"

"व्हय," मी म्हणालो. पण मी सांगत होतो ते हेच का, कोण जाणे.

एवढ्यात तो मागचा म्हणाला, "मॅडम, व्हिडिओ जरा मागं घ्या." घेतला. गिटारवाला एका ठिकाणी वळतो, तिथं त्याचीही सावली डावीकडं. कारखान्यात दोन दिवे असणार. म्हणजे ड्रमवाला तिथंच असेल. किंवा नसेलही. पाच माणसांचं लग्न शूट करताना जे मी विसरलो नसतो, ते इथं विसरलो होतो, दुसरा दिवा शोधायचा. मी पडद्याकडं बघत उभा राहिलो.

"झालं माझं," एवढं बोलून बसलो. वही पिशवीत घातली. आता थांबायचं, राग मानायचा नाही.

वर्ग सुटला. मॅडम हजेरीपटावर वाकल्या होत्या. शेवटची दोन नावं पेन्सिलीनं लिहिलेली असत, त्यातलं माझं त्या पेननं गिरवत होत्या.

"मॅडम, ते चुकलं ना?"

"चुकलं."

"मग?"

"मग पुढच्या रविवारी मोठी वही आण. ही भरत आली."

बाहेर आल्यावर आईला फोन लावला.

"पास झालंस मां?" आई म्हणाली.

"ठेवला माका."

"खंय ठेवला?"

"वर्गात."

"आठवीच्या?"

"नाय गे." पुढं कसं सांगावं कळेना. आईनंच सोडवलं.

"बरा झाला. त्या बाईंका हात जोडलंस काय?"

"जोडले," मी म्हणालो. जोडले नव्हते.

परत फिरलो. मॅडम झाडाखालून स्कूटी काढत होत्या. मी समोर जाऊन हात जोडले. मला काहीतरी विचारायचंय असं त्यांना वाटलं. स्कूटी बंद करून, पाय टेकवून म्हणाल्या, "हां, विचार."

चार रविवार डोक्यात नुसते प्रश्नच घुमत होते. त्यातला एकही तेव्हा आठवेना.