काचेवरचा पतंगी रंग

रंग पक्का की कच्चा हे मला कुणी शिकवायला येऊ नये. मी रंगाऱ्याची लेक. पंचगंगेच्या घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीत आमची भट्टी होती, आणि कळायला लागल्यापासून माझी बोटं कधी लाल, कधी निळी, कधी दोन्ही. तरीही ज्या माणसाने जन्मात एक हातरुमाल रंगवला नव्हता, त्याने माझ्या रंगाला बाजारू म्हटलं आणि मी मुकाट ऐकून घेतलं. आता केस पिकले, दात गेले, पण ती सकाळ आठवली की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

नवरा गेल्यावर मी बायकांच्या दवाखान्यात कामाला लागले. महाराजांचं राज्य होतं. पोरींनी शिकावं हा त्यांचा आग्रह, म्हणून अब्बांनी मला चार यत्ता मराठी शाळेत बसवलं होतं. त्या चार यत्ता कामी आल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मुंबईला शिकून आलेल्या, आणि त्यांना एक नाद होता. बाईच्या अंगावर गाठ दिसली की त्या आधी चाकूकडे वळत नसत. पिचकारीची बारीक सुई गाठीत घालायच्या, दट्ट्या मागे ओढायच्या, आणि सुईच्या पोकळीत जो थेंबभर गाळ येईल तो काचेच्या पट्टीवर पसरायच्या. मग ती पट्टी स्पिरिटात बुडवायची, विलायती निळ्या रंगात रंगवायची, धुवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. चाकूचं नाव काढलं की पळून जाणाऱ्या बायका सुईला मात्र हो म्हणायच्या.

रंगवायचं काम माझ्याकडे आलं, कारण धुणं कधी थांबवायचं हे मला न सांगता कळायचं. पुढे बाईंनी मला बघायलाही शिकवलं. साध्या गाठीतल्या पेशी निवडलेल्या तांदळासारख्या एका मापाच्या असतात. वाईट गाठीतल्या लहानमोठ्या, एकमेकींच्या अंगावर चढलेल्या, आणि त्यांच्या पोटातला ठिपका असा फुगलेला की पेशीत मावत नाही. तो ठिपका दिसला तर सगळं दिसलं, आणि रंगाशिवाय तो दिसतच नाही. शेकडो काचा बघितल्यावर माझी नजर बसली. बाई मला आधी विचारायच्या, मग स्वतः डोळा लावायच्या.

मग जर्मनांची लढाई आली. बाईंना जखमी शिपायांच्या दवाखान्यात मुंबईला बोलावून घेतलं. जाताना त्या थोरल्या डॉक्टरांना सांगून गेल्या, "गाठीची सुई हिलाच टोचू द्या, हिचा हात हलका आहे." थोरले डॉक्टर म्हणजे आमच्या दवाखान्याचे मालकच जणू. त्यांनी मान हलवली. बायका त्यांना अंगाला हात लावू द्यायच्या नाहीत, त्यामुळे त्यांचाही नाइलाज होता. थोड्याच दिवसांत निळ्या रंगाची बाटली संपली. ती यायची जर्मनांच्या कारखान्यातून, आणि जर्मनांशी तर लढाई. आता काय?

घरी भट्टीवरही हेच रडगाणं. पुडीचे रंग यायचे बंद झाले. माझा भाऊ चार दिवस कपाळाला हात लावून बसला आणि मग माळ्यावरून आजोबांचं पोतं खाली काढलं. त्यात पतंगाच्या लाल लाकडाचे ढलपे होते. पुड्या यायच्या आधी आमच्या घरात याच लाकडाच्या काढ्यात लुगडी रंगायची, आणि रंग कापडाला धरावा म्हणून त्यात तुरटी पडायची. मला बाईंचं बोलणं आठवलं. तो विलायती निळा रंगही मुळात कुठल्याशा झाडाच्या गाभ्यातला, आणि त्यालाही तुरटीच लागते. म्हटलं, कापडाला धरतो तो रंग पेशीला का धरू नये?

पहिल्या काचा गढूळ झाल्या. मी काढा तीनदा गाळला, बाटलीत भरून वैशाखाच्या उन्हात पिकवला, तुरटी कमी केली, पुन्हा वाढवली. शेवटी बिनरंगाच्या राहिलेल्या एका जुन्या काचेवर सगळे ठिपके लालजांभळे उमटले, एकेक वेगळा मोजून घ्यावा असे. मला इतका आनंद झाला की मी दवाखान्याच्या व्हरांड्यात एकटीच हसले.

त्याच आषाढात आक्का आली. आक्का कसबा बावड्याची, रोज सकाळी दवाखान्याच्या मुदपाकखान्यात भाजी घालायची. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, आवाज असा की पाटी उतरवली की वरच्या मजल्यावर कळावं. त्या दिवशी मात्र तिने मला बाजूला घेतलं आणि चोळी सैल करून उजव्या छातीतली गाठ दाखवली. चिंचोक्याएवढी, पण दगडासारखी कडक.

"आक्का, सुई टोचावी लागेल. जरा दुखेल."

"दुखू दे की! शेतात काटं काय कमी मोडल्यात व्हय पायात? टोच तू."

मी टोचली. गाळ दोन काचांवर पसरला. एक निळा रंग येईल तेव्हासाठी तशीच बिनरंगाची डबीत ठेवली, दुसरी पतंगात रंगवली. खिडकीपाशी डोळा लावला आणि काय बघायचं ते पहिल्याच नजरेत बघितलं. मी काच सरकवत राहिले, कुठे तरी तांदूळ सापडतील म्हणून. सापडले नाहीत.

मी काच घेऊन थोरल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि लाल रंग बघूनच भुवया चढवल्या.

"हे काय? निळा रंग कुठे आहे?"

मी सांगितलं. पतंग, तुरटी, ऊन, सगळं. ते ऐकून त्यांनी शेजारच्या कारकुनाकडे बघून हसून घेतलं.

"हा दवाखाना आहे, तुझ्या बापाची भट्टी नव्हे. बाजारातल्या रंगावर मी कुणाची छाती कापू? मुंबईहून रंग आला की बघू. तोवर तिला अळशीचं पोटीस बांध."

"साहेब, एकदा डोळा तर लावा."

त्यांनी डोळा लावला नाही. काच माझ्या हातात परत दिली आणि बोटं रुमालाला पुसली. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. तोच रंग जर्मनांच्या बाटलीतून, वर चिठ्ठी चिकटवून आला असता तर त्यांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. आजोबांच्या पोत्यातून आला म्हणून तो बाजारू! आणि हा माणूस सभांमधून शास्त्राची थोरवी सांगत फिरायचा. शास्त्र म्हणजे बघणं, आणि यानं तर बघायलाच नकार दिला.

बाहेर आक्का पाटी काखेत धरून उभी होती. "काय दिसलं गं पोरी?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हणाले. दवाखान्याचा तो नियमच होता. रोग काय ते डॉक्टरांनी सांगायचं, नोकरांनी तोंड उघडायचं नाही.

मी तिला पोटीस बांधलं. एकदा नव्हे, महिनोन्‌महिने. ती भाजी उतरवायची, माझ्यासमोर बसायची, मी अळशी गरम करायची. गाठ चिंचोक्याची सुपारी झाली. "बरं वाटतंय का गं मला?" ती विचारायची, आणि मी म्हणायची, "डॉक्टरांना विचारा." डॉक्टर म्हणायचे, रंग येऊ दे. महाराजांची गाडी रस्त्यात थांबवून गाऱ्हाणं सांगणारी साधी माणसं मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. मीही हात करावा असं दोनदा मनात आलं. केला नाही. नोकरीची भीती होती, खोटं कशाला बोलू.

पौषात रंग आला. थोरल्या डॉक्टरांनी स्वतः उभं राहून डबीतली ती बिनरंगाची काच माझ्याकडून निळी रंगवून घेतली. या वेळी डोळा लावला, बराच वेळ लावला.

"कर्करोग," ते म्हणाले. "शंकाच नाही. बघ, याला म्हणतात रंग! बोलाव त्या बाईला."

मी माझी लाल काच आणून निळीच्या शेजारी ठेवली. एकाच सुईतला गाळ, त्याच पेशी, तेच फुगलेले ठिपके. त्यांनी दोन्ही बघितल्या. मग घसा साफ केला आणि म्हणाले, "तेव्हा खात्री धरता आली नसती."

आक्का आली. काखेत आता आवळ्यांसारख्या गाठी होत्या आणि उजवा हात सुजला होता. डॉक्टरांनी दाराआडून मला विचारून विचारून तपासलं आणि सांगितलं की आता चाकू लावण्यात अर्थ नाही. औषध लिहून दिलं, दुखणं कमी व्हावं म्हणून. आक्काने ते सगळं नीट ऐकलं. बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली.

"पोरी, डाक्टर म्हनला, पयल्या टायमाला कापली असती तर कायतरी झालं असतं. खरं हाय?"

"व्हय."

"तुला कवा कळलं?"

मी खोटं बोलू शकले असते. "आषाढात," मी म्हणाले.

तिने सुजलेला हात मांडीवर घेतला. तिचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे. "मिरजेला माझा भाऊ हाय. तिथं मोठा दवाखाना हाय, पोटातलं सुदिक कापत्यात. गेले असते की मी. का न्हाय सांगितलंस?"

"सांगायचा हक्क डॉक्टरांचा होता, आक्का."

"हक्क डाक्टरचा," ती म्हणाली. "आन् गाठ कुनाची हुती?"

तिने रिकामी पाटी डाव्या हाताने उचलली आणि गेली. चैत्र संपायच्या आत आक्का वारली. भाजी तिची सून घालू लागली.

त्यानंतर काचेवर जे दिसेल ते मी आधी त्या बाईला सांगितलं आणि मग डॉक्टरांना. त्यापायी दोन वर्षांत नोकरी गेली, त्याचं मला काही वाटलं नाही. थोरल्या डॉक्टरांना मी आयुष्यभर शिव्या घातल्या, अजूनही घालते. पण त्यांनी आषाढात काचेला डोळा लावला नव्हता. मी लावला होता.