गोदाकाकूंची दवंडी

गोदाकाकू लग्न होऊन बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यात आल्या तेव्हा देश स्वतंत्र होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. माहेर तुकईथडचं. ज्वारी हुरड्यावर आली की वडील पाखरं हाकलायला त्यांनाच मचाणावर बसवायचे. गोफणीला हात लावायची गरज पडत नसे. त्यांनी एक हाळी दिली की आपल्या शेतातली पाखरं तर उठायचीच, शेजारच्याही शेतातली उठायची. मग शेजारचा उखर्डू बांधावर येऊन म्हणायचा, "पोरी, माझंही काम केलंस बघ."

पण बुधवारा म्हणजे तुकईथड नव्हे. इथे घराला घर चिकटलेलं. आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे गोदाकाकूंच्या घरात आज काय शिजतंय हे आमच्या घरी आपोआप कळायचं. त्यांचे यजमान दत्तात्रय नगरपालिकेत कारकून. बुऱ्हाणपुरातले लोक तेव्हा नगरपालिकेला कमेटीच म्हणत. दत्तूकाका इतकं हळू बोलायचे की समोरच्याने दोनदा "काय?" म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. आणि सासू भागाबाई म्हणजे रीतीभातीची बाई. सून अंगणातून "अहो, ताट वाढलंय!" म्हणाली की त्या कपाळाला हात लावायच्या.

"किती मोठ्यानं बोलू राहिली, माय! नवऱ्याला जेवायला बोलावते का असीरगडाला?"

गोदाकाकू पदराचा बोळा तोंडाशी धरायच्या आणि दोन दिवस कुजबुजून बोलायच्या. तिसऱ्या दिवशी मांजराने दुधात तोंड घातलं की सगळी कुजबुज संपायची. माझी आई, मालती, सांगायची की काकूंना या आवाजाचं मनापासून वाईट वाटायचं. एकदा त्या आईला म्हणाल्या होत्या, "मालू, देवाने मला चार जणींचा गळा दिला न् राहायला एक खोली दिली."

त्या दिवसांत गावात कमेटीची दवंडी पिटायचा भाईदास. दवंडीला आमच्याकडे मुनादीही म्हणत. गळ्यात ढोल, हातात काठी, डोक्याला लाल पागोटं. त्याच्या बापाने आणि आजाने तीच दवंडी पिटली होती, "खल्क खुदा का, मुल्क बादशाह का, हुकूम सरकार का!" स्वातंत्र्य आलं आणि भाईदासची पंचाईत झाली. बादशहा तर गेला, आता मुल्क, म्हणजे देश, कोणाचा म्हणायचा? पहिले काही महिने तो तिथे नुसता ढोल वाजवून वेळ मारून न्यायचा. शेवटी एके दिवशी शनवाऱ्याच्या चौकात त्याने स्वतःच ठरवून टाकलं आणि ओरडला, "मुल्क आपला, हुकूम कमेटीचा!" लोकांना ते इतकं आवडलं की पानवाल्याने त्याला विडा खाऊ घातला.

पुढे कमेटीने एक भोंगा आणला. बॅटरीवर चालणारा, पितळी कडेचा. भाईदास त्याच्याकडे सवत आल्यासारखा बघायचा.

त्रेपन्न सालच्या जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाला, कमेटीने तापीकाठी राजघाटावर मेळा भरवला. कुस्त्या होत्या, केळीच्या घडांचं प्रदर्शन होतं, शाळेच्या मुलींची कवायत होती, आणि बायकांसाठी कनातीचा वेगळा मांडव. अख्खं बुऱ्हाणपूर उतरलं होतं. भागाबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून त्या घरी राहिल्या आणि काकूंना जाताना बजावलं, "तिथं तरी हळू बोल."

ऐन दुपारी भोंगा बंद पडला. आधी खरखरला, मग कोंबड्यासारखा आरवला आणि गप्प झाला. भाईदास ढोल घेऊन उभा राहिला, पण सर्दीने त्याचा घसा बसलेला. ढोल ऐकून लोक वळून बघत आणि पुढे काहीच ऐकू न आल्याने परत आपापसात बोलायला लागत. आणि नेमकी त्याच वेळी एक मुलगी हरवली.

ती मुलगी म्हणजे मी. तीन-साडेतीन वर्षांची असेन. मला यातलं काहीही आठवत नाही, पण आईने ही गोष्ट इतक्यांदा सांगितली आहे की आठवतंय असंच वाटतं. आईचा हात सुटला, आणि वळून बघते तो मी नाही. खाली नदी. आई वेड्यासारखी या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायला लागली. गोदाकाकूंनी तिला धरलं, विचारलं, "कोणता परकर घातला होता?"

"हि... हिरवा."

काकू घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर चढल्या. डोक्यावरचा पदर घसरला तरी सावरला नाही. आणि त्यांनी हाळी दिली.

"ऐका होऽऽ! बुधवाऱ्यातली शोभा हरवली आहेऽऽ! हिरवा परकर, दोन शेंड्या! नदीकडे कोणी असाल त्यांनी आधी पाण्याकडे बघा! बाकीच्यांनी आपापल्या पायाशी बघाऽऽ!"

मेळा गप्प झाला. आखाड्यातल्या पैलवानांनीही एकमेकांची मान धरल्या धरल्या खाली वाकून आपल्या पायाशी पाहिलं, असं आई शपथेवर सांगायची. पलीकडच्या काठावर म्हशी धुणारा एक माणूस उभा राहून हात हलवून सांगायला लागला की इकडे नाही, इकडे नाही.

मी केळीच्या प्रदर्शनात, पहिल्या नंबरच्या घडाखाली बसले होते. त्या घडाची खालची केळी संपत आली होती.

आईने मला छातीशी घट्ट धरलं आणि मग रडली. केळीवाला शेतकरी हसत म्हणाला, "पोरीने पारख केली. परीक्षकांचं काम उरलं नाही." काकू मात्र पायरीवरून उतरायला लागल्या तेव्हा त्यांना भान आलं. सगळं गाव आपल्याकडे बघतंय. दत्तूकाका कमेटीच्या खुर्च्यांमागे उभे, अध्यक्षसाहेब शेजारी. काकूंनी झटकन पदर ओढला. तेवढ्यात भाईदास पुढे आला आणि बसलेल्या घशाने म्हणाला, "वहिनी, तुमच्या पाया पडतो. कवायत आता सुरू होतेय, तेवढं सांगून टाका."

काकूंनी तेवढं सांगितलं. मग कुस्तीचा निकाल सांगितला. मग कोणाची तरी चप्पल सापडल्याचं, मग प्यायच्या पाण्याचा रांजण कुठे ठेवलाय ते. संध्याकाळपर्यंत मेळा त्यांनीच चालवला.

आठवड्याभराने अध्यक्षसाहेबांनी दत्तूकाकांना बोलावून विचारलं. कमेटीच्या सूचना बायकांपर्यंत पोचत नाहीत. देवीची लस टोचायला डॉक्टर येतात, तर बायका दारं लावून घेतात. तुमच्या मंडळी भाईदासबरोबर टांग्यातून फिरतील का?

दत्तूकाका घरी आले ते तोंड पाडूनच. जेवण झाल्यावर त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात काहीतरी सांगितलं. भागाबाई म्हणाल्या, "काय?" त्यांनी पुन्हा सांगितलं.

काकू खाली बघत बसल्या होत्या. त्यांनी नकार गृहीतच धरला होता.

पण त्या आठवड्यात एक गोष्ट घडली होती. मेळ्यात काकूंनी सूचना दिल्यापासून गल्लीतल्या बायका भागाबाईंच्या ओट्यावर येऊन बसायला लागल्या होत्या. नळाला उद्या पाणी कधी येणार, शाळेत नवीन बाई आल्या त्या कोण, असं काही विचारायचं असलं की सगळ्या तिथेच. भागाबाई पान कुटत, मुलाकडून काढून घेतलेली बातमी सावकाश एकेकीला वाढायच्या. एवढी किंमत त्यांना आयुष्यात कोणी दिली नव्हती.

"दत्तू," त्या म्हणाल्या, "जाऊ दे तिला."

"आई, लोक काय म्हणतील?"

"हिच्या आवाजापुढे लोकांचं ऐकू येईल तेव्हा ना! घरात बोलली तर माझ्या कानाचे हाल. बाहेर बोलू दे. फक्त आधी मला सांगून जायचं, काय दवंडी आहे ते."

पहिल्या दिवशी टांगा निघाला आमच्याच गल्लीतून. भाईदासने ढोल वाजवला. लोक दुकानांतून बाहेर आले, आणि गोदाकाकूंच्या तोंडून आवाजच निघेना. राजघाटावर मूल हरवलं होतं. इथे नुसते पुरुष तोंडाकडे बघत उभे होते. हातातल्या कागदावर दत्तूकाकांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलेलं, "समस्त नागरिकांस सूचित करण्यात येते की". त्या हळूच म्हणाल्या, "भाईदासभाऊ, टांगा फिरवा. मला नाही जमायचं."

भाईदासने टांगा फिरवला नाही. तो म्हणाला, "वहिनी, खाली कशाला बघता? वर बघा."

काकूंनी वर पाहिलं. माड्यांच्या खिडक्यांत बायका होत्या. कोणाच्या कडेवर मूल, कोणाचे हात पिठाचे. आमच्या खिडकीत मला घेऊन आई उभी. काकूंनी कागद मांडीखाली सरकवला.

"ऐका गं बायांनोऽऽ! उद्या सकाळी देवीची लस टोचायला डॉक्टर येताहेत. मुंगी चावल्याइतकंच दुखतं, मी टोचून घेतलीये! लेकरांना लपवू नका. लपवाल तर मी नाव घेऊन हाक मारीन, आणि माझा आवाज तुम्हाला माहीत आहेऽऽ!"

गल्लीभर हशा पिकला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना जेवायला फुरसत मिळाली नाही.

मग हे रोजचंच झालं. विणकरांच्या मोहल्ल्यात टांगा शिरला की काकू आपल्या हिंदीत बोलायच्या, "सुनो बहनो, कल नल को पानी नहीं आएगा, आज ही भर के रखना गं!" त्या शेवटच्या "गं" ला तिथल्या बायका पडद्याआडून खळखळून हसायच्या, आणि पाणी भरून ठेवायच्या. हेडक्लार्कने एकदा तक्रार केली की बाई मसुदा शब्दशः वाचत नाहीत. अध्यक्षसाहेब म्हणाले, "खरं आहे. तुम्ही एकदा वाचून या." हेडक्लार्क एक फेरी फिरून आले आणि तक्रार मागे घेतली.

सगळ्यात मोठी दवंडी आली छप्पन्न साली. नवं मध्य प्रदेश राज्य होणार होतं, राजधानी नागपूरहून भोपाळला जाणार होती. एक नोव्हेंबरचा दिवस, आणि नेमकी दिवाळी. काकूंची धाकटी बहीण कुसुम जळगाव-जामोदला दिली होती, ती मुलांना घेऊन दिवाळीला आली होती. दत्तूकाकांनी ओट्यावर मसुदा वाचून दाखवला तेव्हा कळलं की कुसुमचं गाव आता मुंबई राज्यात जातंय.

"म्हणजे मी आता परराज्यातली?" कुसुम म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. "ताई, मला यायला परवाना लागेल का गं?"

दोघी बहिणी फराळाच्या ताटापुढे बसून मुसमुसायला लागल्या. भागाबाई आतून ओरडल्या, आणि त्या ओरडतात हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, "तापी तुमच्या कमेटीला विचारून वाहते का? गाडी तीच, रस्ता तोच. चकल्या खा, आणि दवंडीला उशीर करू नका!"

कुसुमही टांग्यात बसली. आवाजाने ती बहिणीला फार कमी नव्हती. मसुद्यात शेवटी लिहिलं होतं की नव्या राज्याच्या आनंदाप्रीत्यर्थ नागरिकांनी आपापल्या घरी दिवे लावावेत. काकूंनी ते वाचलं, थांबल्या, आणि हसत ओरडल्या, "कमेटी म्हणते, आज घरोघर पणत्या लावाऽऽ!"

"नाहीतर आम्ही विसरणारच होतो!" समोरच्या माडीवरून कोणीतरी ओरडलं, आणि अख्खी गल्ली हसली.

राजपुऱ्यात एका केळीवाल्याने टांगा अडवला. "काकू, मग आता आमची केळी कुठल्या राज्यात विकायची?"

"जिथे भाव मिळेल तिथे!" दोघी बहिणी एकदमच ओरडल्या. टांग्याचा घोडा दचकून चार पावलं मागे सरला, भाईदासचं पागोटं उडालं, आणि ते उचलायला अर्धा राजपुरा धावला.