टिपकागदाखाली काय होतं?

मरणाचा विषय इतक्या उत्साहाने काढणारा माणूस आमच्या शेजारच्या काकांखेरीज मी दुसरा पाहिला नाही. लोक चहाला बसले की हवापाण्याचं विचारतात, काका कपाला हात लावायच्या आधी विचारायचे, "मृत्युपत्र केलंत का?" ते रेल्वेतून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले होते आणि लखनौच्या मानक नगरात आमच्या भिंतीला भिंत लागून राहत. नव्वदच्या सुमारास आमची तिथे बदली झाली. सामान अजून ट्रकमधून उतरत होतं, तेवढ्यात हे गृहस्थ फाटकाशी येऊन माझ्या नवऱ्याला म्हणाले, "बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका हं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, नुसता राखणदार!" नवरा त्या दिवशी धड जेवला नाही. पुढे तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एक नवं जोडपं त्यांच्या पाया पडलं, तर आशीर्वाद काय दिला? "सुखाने नांदा, आणि दोघांची वेगवेगळी मृत्युपत्रं करा." नवरी मुळूमुळू रडायला लागली. आपलं काय चुकलं, ते काकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

स्वतःचं मृत्युपत्र ते दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईबरोबर नवं करायचे. आणि तेही साध्या कागदावर. "स्टॅम्पपेपर लागतो ही अफवा आहे. साधा कागद, शुद्ध डोकं आणि दोन साक्षीदार, बस!" त्या दोघांतली एक मी, दुसरे कोपऱ्यावरचे होमिओपॅथ डॉक्टर. साक्षीदाराने सही होताना बघायची असते, मजकूर वाचायची गरज नसते, म्हणून काका मजकुरावर हिरवा टिपकागद पसरायचे. आता माझ्यासारखीच्या पुढ्यात असा झाकलेला कागद ठेवायचा, हा छळ नाही तर काय? एका वर्षी ऐन दिवाळीत "काय बाई उकडतंय!" म्हणत मी पंखा पाचवर केला. काकांनी शांतपणे टिपकागदावर अडकित्ता ठेवला आणि मला स्वेटर आणून दिला.

हे सगळं कोणासाठी चाललंय, ते मात्र सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं. काकांची धाकटी बहीण, बेबीताई. वय पंचेचाळिशीच्या पुढे, मन सात वर्षांच्या मुलीचं, बोलणं अर्धं हिंदी. काकांनी लग्न केलं नाही. दर रविवारी संध्याकाळी ते तिच्या दोन वेण्या घालायचे, शेअरच्या टेम्पोने चारबाग स्टेशनला आणि तिथून सायकलरिक्षाने हज़रतगंजला न्यायचे, "सांडू नकोस!" म्हणून ओरडत एक कुल्फी खाऊ घालून परत आणायचे. घर आणि फंडाचे पैसे ट्रस्टमध्ये ठेवायचे, म्हणजे ते नावाला विश्वस्ताचे पण वापरायचे फक्त बेबीसाठी, हे त्यांनी मला इतक्यांदा समजावलं होतं की मी कोर्टात उभी राहिले असते. गाडी अडत होती ती विश्वस्तापाशी. "पैशाची सोय होईल हो," ते म्हणायचे. "रविवारची कोण करील?"

म्हणून ते लोकांच्या परीक्षा घेत. नागपूरला जातोय म्हणून सांगायचे आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी सांभाळायला द्यायचे. एका बँकवाल्याने ती कपाटात कुलपात ठेवली. परत आली तेव्हा वर बुरशी. "प्रामाणिक आहे," काका हळहळले, "पण एकदा उघडून हलवावी तरी की नाही?" दुसऱ्याकडून अर्धी बरणी परत आली आणि वर "लोणचं आटतं" हे ज्ञान मिळालं. माझ्याकडे बरणी कधीच आली नाही. मी नुसती साक्षीदार!

आणि एका दिवाळीत तेही गेलं. डॉक्टर सही करून आले, सोबत म्हणे समोरचे मास्तर होते. मला बोलावणंच नाही! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तशीच पदर खोचून गेले. "काका, माझी सही नासली का या वर्षी?"

काका अडकित्त्याने सुपारी कातरत होते. म्हणाले, "ज्याचं नाव आत लिहायचं, त्याची सही खाली घेऊ नये. कायद्याचं वकील बघतील, माझा आपला नियम आहे."

मी खोचलेला पदर सोडला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो टिपकागद उचलला गेला, तर खाली मीच!

"पण माझी परीक्षा कधी घेतलीत?"

"घेतली नाही, तुम्हीच दिलीत. श्रावणात बेबीने तुमचे झेंडू ओरबाडले, तेव्हा तुम्ही तिला केवढ्याने ओरडलात! मी भिंतीपलीकडे ऐकत होतो. बाकी सगळे तिच्याशी फार गोड बोलतात हो. तेवढं गोड पाहुण्याशी बोलतात." मग अडकित्ता थांबला. "नाही म्हणालात तर राग नाही. पुढल्या आठवड्यात नवं करीन. शेवटचं असतं तेच खरं."

ते माझ्याकडे बघेनात. दारात बेबीताई उभी होती. आता मी स्वभावाला काय करू? म्हटलं, "तिला सांगून ठेवा, माझ्या झेंडूंना हात लावायचा नाही." काकांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं.

पुढल्या उन्हाळ्यात काका गेले. बेबीताई आमच्याकडे राहायला आली. तेरावा झाल्यावरच्या रविवारी ती रिबिनी घेऊन माझ्यापुढे पाठ करून बसली. मी वेण्या घातल्या, एक वर एक खाली. टेम्पो, रिक्षा, हज़रतगंज. सारा रस्ता मी तिच्याशी इतकी गोड बोलत होते की माझी मलाच लाज वाटावी. ती माझ्याकडे बघेचना. कुल्फी हातात घेतली, पण तोंडाला लावेना, आणि बघता बघता ती वितळून माझ्या नव्या साडीवर सांडली.

"अगं बेबी! लक्ष कुठाय तुझं? खा आधी ती!" मी भर रस्त्यात ओरडले.

बेबीताईने माझ्याकडे नीट पाहिलं. मग त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "दादासारखी डाँटती है," ती म्हणाली, आणि माझ्या पदराला बोटं पुसून कुल्फी खाऊ लागली.