सासरचा खोकला

छातीच्या दवाखान्यात किस्से लवकर साचतात. पोटदुखीवाला दोन शब्दांत सांगून मोकळा होतो. दमेकरी मात्र थांबत थांबत सांगतो, आणि तो थांबला की सोबत आलेला माणूस अख्ख्या गावाची हकिगत सांगतो! नव्वदच्या दशकात मी कळमनुरीला गायकवाड सरांच्या हाताखाली नवी डॉक्टर म्हणून लागले, तेव्हा सर म्हणाले होते, "स्टेथो नंतर लाव, आधी नुसती ऐक." आता सर नाहीत आणि दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. समोरून जाताना अजून जीव हळहळतो.

*

लाईट गेली की सर दारात येऊन एक्स-रे उन्हाला धरायचे. मग काय, सगळी रांग तज्ज्ञ! एकदा शिरड शहापूरच्या आजोबांचा एक्स-रे पाहून मागचा जाडजूड गृहस्थ हळहळला, "लई वाळले बाबा, नुस्त्या फासळ्या राह्यल्या." आजोबा घाबरून मटकन खाली बसले.

सरांनी शांतपणे त्या गृहस्थाचा स्वतःचा एक्स-रे त्याच्या हातातून घेतला आणि उन्हाला धरला. त्याच्याही फासळ्याच निघाल्या.

*

टीबीची शंका आली की सकाळचा बेडका डबीत आणायला सांगायचो. एकाच्या डबीत टीबी निघाला, पण एक्स-रे स्वच्छ. सर बुचकळ्यात पडले. खोदून विचारल्यावर गडी म्हणाला, "मला बेडका येईच ना. रिकामी डबी कशी आणावं? म्हणून भावाचा आणला."

त्याला रागवायच्या आधी सरांनी भावाला बोलावणं धाडलं. कोर्स पुरा करून भाऊ ठणठणीत झाला. आपल्याकडे कुणाच्या दारी रिकाम्या हातानं जात नाहीत, त्याचा असाही फायदा.

*

हळदीला पॉलिश करताना उडणाऱ्या धुळीनं एका काकांना दम लागायचा. त्यांना तोंडात मारायचा पंप दिला. पंप संपला, दम जिथल्या तिथं. सर म्हणाले, कसा मारता ते दाखवा. काकांनी हात लांब केला आणि समोरच्या हवेत पंप मारला.

"तुमीच म्हणले ना, दोष धुळीचा हाय. म्हणून धुळीवर मारून राहिलो."

*

डोंगरकडा गावच्या अंजनाबाईच्या घरी मेंढरं-बकऱ्या होत्या. ती सुनेला, राधाला, घेऊन आली. राधा रात्रभर खोकायची, छातीत शिट्ट्या वाजायच्या. गावानं टीबी ठरवून टाकला होता आणि अंजनाबाईनंही मन घट्ट केलं होतं. "हिला माहेरी सोडून येते. परत आणणार न्हाई. घरात लहान लेकरं हायत."

राधा खाली मान घालून पदराचं टोक पिळत होती.

बेडका तपासला, एक्स-रे काढला. टीबी नव्हता. अंजनाबाईला ते पटेना. मग ही नाटकंच करते, म्हणाली. माहेरी गेली की बरी, सासरी आली की खोकला.

सर खुर्चीत पुढे सरकले. रात्री हिच्याजवळ कोण झोपतं, त्यांनी विचारलं. तेव्हा कळलं, आई मेलेलं एक बकरू अंजनाबाईनं पोटच्या लेकरासारखं वाढवलं होतं, आणि ते राधाच्या अंथरुणाशी झोपायचं.

"कुणाला तरी माहेरी पाठवायचंच आहे ना?" सर म्हणाले. "मग बकरू पाठवा."

अंजनाबाईचे डोळे भरून आले. सुनेला सोडायचं बोलताना ते कोरडे होते, म्हणून मला तिचा भयंकर राग आला. पण बकरू गेलं खरं, राधाच्या माहेरी. अंथरुणं धुतली, औषध सुरू झालं, आणि राधाचा खोकला हळूहळू ओसरला.

दिवाळीनंतर दोघी पुन्हा आल्या. राधा दिवाळीला माहेरी गेली होती, आणि कधी व्याह्याच्या घराची पायरी न चढलेली अंजनाबाई तिथं जाऊन आली होती. बकरू बघायला गेल्या असाल, सर हसून म्हणाले.

"ते मोठं झालं आता. वळखलं बी न्हाई मला," अंजनाबाई म्हणाली. "हिला आणाया गेले होते."