तीन दिवसांचा सराव आणि शेजारणीचा डबा

आमच्या घरात पाणी विजेवर येतं. घर घेताना हे मला सांगितलं होतं, पण तेव्हा माझं सगळं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या डोंगराकडे होतं. लेटरकेनी या आयरिश गावापासून गाडीने वीस मिनिटं, उतारावर एकटं घर, मागे मेंढ्या, आवारात स्वतःची बोअरवेल आणि तिच्यावर विजेचा पंप. पुण्यात सोसायटीच्या टँकरसाठी भांडलेल्या माणसाला स्वतःची बोअरवेल म्हणजे जहागीरच वाटते. मग गेल्या हिवाळ्यात वादळ आलं, वीज चार दिवस गेली, आणि विजेबरोबर पाणी, हीटिंग, शेगडी, इंटरनेट आणि माझी अब्रू असं सगळंच गेलं.

बायको इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. त्या चार दिवसांत ती ड्यूटीवर जाताना टॉवेल आणि साबण घेऊन जायची आणि तिकडेच आंघोळ उरकून यायची. चौथ्या दिवशी ओल्या केसांनी दारात उभं राहून तिनं जाहीर केलं, "पुढचा हिवाळा मी इथे काढणार नाही." ती बोलते कमी आणि करते जास्त, त्यामुळे यंदा थंडी सुरू व्हायच्या आत हॉस्पिटलजवळचा एक फ्लॅट बघूनही झाला. घर विकायचं आणि तिकडे जायचं. फ्लॅटवाल्याला सोमवारी सकाळी उत्तर द्यायचं होतं. फ्लॅटच्या खिडकीतून पार्किंग दिसत होतं.

मला हे घर सोडायचं नव्हतं. तसं तिला सरळ सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण मी पडलो सॉफ्टवेअरवाला, मी एक्सेल शीट केली.

"वीकेंडला सराव करू," मी म्हणालो. "शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ. वादळ आलंय असं समजायचं. निभावलं तर इथेच राहायचं. नाही निभावलं तर तू म्हणशील तिथे सही करतो."

"चालेल," ती म्हणाली. इतक्या पटकन म्हणाली की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

नियम तीन होते. मेन स्विच बंद. दुकानात कुणी जायचं नाही. आणि खायचं ते फक्त जिन्याखालच्या प्रेसमधलं. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही आता म्हणतो. एक जरी नियम मोडला तर सराव फसला. आमच्या दहा वर्षांच्या लेकीला मराठी सगळं समजतं, पण ती उत्तर देते ते इथल्या डोनेगलच्या इंग्रजीत. तिला मी पंच नेमलं आणि नोंदींसाठी वही दिली. तिनं वहीत पहिली नोंद वाचून दाखवली, "डॅड इज मॉर्टिफाइंग, सो ही इज." म्हणजे बाबा लाज आणतात, आणतातच. बायकोने शनिवार-रविवार दोन्ही दिवशी ड्यूटी लावून घेतली होती आणि ड्यूटीवरच्या जेवणाला नियम लागू नाही, असा निर्णय स्वतःच देऊन टाकला. फ्रीझरची वायर मी गुपचूप आमच्याच मागच्या शेडमधल्या वेगळ्या लाइनवर जोडली होती. ही पळवाट होती, मान्य आहे.

प्रेस मात्र बघण्यासारखा होता. सासूबाई तीन महिन्यांसाठी अमरावतीहून आल्या होत्या आणि त्यांच्या दोन बॅगांमध्ये कपडे फक्त वरच्या थरात होते. खाली भाजणी, सातूचं पीठ, बेसन, पोहे, मेतकूट, शेवया, कुरडया, पापड, चकल्या, शंकरपाळे, लाडू. शिवाय मी घेतलेला राजमा, छोले आणि चवळी, प्रत्येकी पाच किलो. कॅम्पिंगची गॅसची शेगडी, तिच्या तीन छोट्या टाक्या. बाथटब काठोकाठ भरून ठेवला. माणशी रोज किती पाणी, किती कॅलरी, सगळं शीटमध्ये होतं. शुक्रवारी संध्याकाळी मी मेन स्विच खाली ओढला तेव्हा मला फारच भारी वाटलं.

शनिवारी सकाळी उठून बघतो तर बाथटब रिकामा आणि जिन्याच्या कठड्यावर आठ ओल्या चादरी.

"सासूबाई, हे काय?"

"काय म्हणजे? तुम्हीच भरून ठेवलं होतं ना पाणी? मले वाटलं चादरी धुवाले ठेवलं जावईबापूनं. पडदेबी भिजवले असते, पण पाणी संपलं."

"अहो, ते तीन दिवस पुरवायचं पाणी होतं! आता पाणीच नाही!"

सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कालपासून मुसळधार पाऊस चालू होता. "पाणी नाही म्हणता, अन् बाहेर तर पडूनच राहिलं बापा," असं म्हणत त्यांनी पन्हळीखाली पातेलं, बादली, कुकर आणि माझं घरी बिअर करायचं मोठं भांडं ओळीने मांडलं. अर्ध्या तासात सगळी भांडी भरली. माझ्या शीटमध्ये पावसाचा कॉलमच नव्हता.

दुपारी दारावर टकटक झाली. उतारावर आमच्या खाली घर असलेली शेजारीण होती. सत्तरीच्या बाई, एकट्या राहतात, मेंढ्या त्यांच्याच. इकडच्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट वर करायचं, अशी रीत आहे. तीन वर्षं आम्ही एकमेकांना बोट दाखवत होतो, याउपर ओळख नव्हती. आज त्यांच्या हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता आणि डब्यात गरम स्कोन, म्हणजे इकडचे गोडसर पाव. आमच्याकडे काल दिवे दिसले नाहीत म्हणून त्या बघायला आल्या होत्या.

मी त्यांना सराव समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे वीज आहे, पण तुम्ही लावत नाही."

"हो."

"ग्रँड," त्या म्हणाल्या. समोरच्याचं डोकं फिरलंय पण त्याला दुखवायचं नाही, अशा वेळी इकडे हाच शब्द वापरतात.

स्कोन नियमाबाहेर आहेत, हे सांगेपर्यंत सासूबाईंनी ते ताटात काढूनही घेतले होते आणि रिकामा डबा घेऊन त्या प्रेसकडे निघाल्या होत्या.

"सासूबाई, तो आपला साठा आहे!"

"मंग रिकामा डबा धाडू का? बरं दिसते का ते?"

आता याच्यावर कुठला मराठी माणूस काय बोलणार? मीही लहानपणी शेजारचा डबा रिकामा परत नेला म्हणून धपाटा खाल्लेला आहे. डबा चकल्यांनी गच्च भरून गेला. रविवार सकाळचा नाश्ता गेला, अशी मी शीटमध्ये नोंद केली.

तासाभरात डबा परत आला. शेजारणीच्या आईनेही तिला हेच शिकवलेलं असावं. आता त्यात सफरचंदाचा टार्ट होता. सासूबाईंच्या डोळ्यांत एकदम चमक आली. त्यांना वऱ्हाडीखेरीज काही येत नव्हतं आणि शेजारणीचं इंग्रजी मला निम्मं कळत नव्हतं, पण त्या दोघी गुडघेदुखीवर वीस मिनिटं बोलल्या. मग सासूबाई म्हणाल्या, "असे शिळे लाडू देत नाहीत पाहुण्याले," आणि ताजे बेसनाचे लाडू करायला बसल्या. बेसन मंद आचेवर भाजतात. ते नीट खमंग भाजून होईपर्यंत माझ्या तीन टाक्यांपैकी दोन संपल्या. तिसरी रविवारी सकाळी शेवयांच्या खिरीत गेली, कारण लाडवांच्या बदल्यात बटाट्याची भाकरीसारखी पोळी आली होती आणि तिला तोडीस तोड काहीतरी द्यायला हवं होतं. शंकरपाळे मुरंब्याच्या बदल्यात गेले. सातूचं पीठ अंड्यांवर गेलं. मी दारात आडवा उभा राहिलो तर सासूबाई माझ्या बाजूने गेल्या आणि म्हणाल्या, "काहून असे उभे राहिले जावईबापू, थंडी वाजेल."

रविवारी दुपारी परिस्थिती अशी होती. शिळे लाडू आम्ही शनिवारीच संपवले होते. प्रेसमध्ये राजमा, छोले आणि चवळी, तिन्ही कोरडेठक्क, कारण आदल्या रात्री भिजत घालायचं कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं आणि शिजवायला गॅसही नव्हता. भाजणी, कुरडया आणि पापड होते, तेही तळल्याशिवाय खाता येणार नव्हते. आणि टेबलावर, नियम क्रमांक तीननुसार पूर्ण निषिद्ध, स्कोन, टार्ट, मुरंबा आणि बटाट्याच्या पोळ्या. मी दोन मुठी कच्चे पोहे चावून काढले. लेक टार्टकडे बघत होती. सासूबाई पोळीला मुरंबा लावून केव्हाच जेवल्या होत्या, त्या सरावात भाग घेत नव्हत्या.

अडीच वाजता मी टार्ट खाल्ला. आधी एक तुकडा, मग सरळ अर्धा. लेकीने घड्याळ बघून वहीत लिहिलं, एक तुकडा स्वतःला घेतला आणि म्हणाली, "दॅट्स द हाउस गॉन, सो इट इज."

ते खरंच होतं, घर गेलं होतं. मला भूक होती तोवर काही वाटलं नव्हतं, पोट भरल्यावर वाईट वाटायला लागलं. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. डोंगर ढगात गेला होता, तरी तो कुठे आहे ते मला माहीत होतं. मला रडू आलं असतं, पण दाढीला टार्टचा चुरा लागला होता आणि सासूबाई बघत होत्या.

संध्याकाळी बायको आली तेव्हा शेजारीण आमच्या स्वयंपाकघरात कंदिलाच्या उजेडात बसली होती. निळ्या काठाच्या खोलगट ताटातून तिनं कोबी घातलेले लोण्यातले बटाटे आणले होते, आणि आम्ही सगळे ते हाणत होतो. बायकोने वही वाचली. ती हसली नाही. "फसलं ना?" एवढंच म्हणाली आणि एक ताटली घेऊन बसली. कँटीनमध्ये जेवून आलेली बाई दोनदा वाढून घेते म्हणजे काय, ते मला कळेना.

तेवढ्यात शेजारीण तिला म्हणाली, "त्या वादळात चारही दिवस तुमच्या खिडकीत मेणबत्ती दिसायची मला."

आम्ही खायचं थांबलो.

शेजारणीची शेगडी जुनी, लोखंडी, टर्फवर, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीच्या विटांवर, चालते. पाणी डोंगरातल्या झऱ्यावरून आपोआप उतरून येतं. वीज असली काय नि नसली काय, तिचं काही अडत नाही. "किटली गरम ठेवली होती," ती म्हणाली. "मुलगी आहे तुमच्याकडे, याल असं वाटलं. रोज ब्रेड जास्तीचा करत होते. मग कोंबड्यांना घातला."

"तुम्ही बोलावलं का नाही?" बायकोने विचारलं.

"तुम्हाला आवडलं असतं की नाही, कोण जाणे. तुम्हीपण कधी आला नाहीत."

बायकोने माझ्याकडे बघितलं. ती ज्या गरम पाण्यासाठी वीस मिनिटं गाडी चालवत जात होती, ते दोनशे पावलांवर किटलीत उकळत होतं. आणि आम्ही, कुणाकडे आधी न कळवता कसं जायचं म्हणून, कुडकुडत अंधारात बसलो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या शीटमध्ये पावसाबरोबर आणखी एक कॉलम कमी होता.

शेजारीण उठली. सासूबाईंनी तिचं ताट पावसाच्या पाण्याने धुतलं, पुसलं आणि प्रेस उघडला. बराच वेळ त्या आत बघत राहिल्या.

"काहीच नाही उरलं वं," त्या लेकीला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हणाल्या. आवाज खरंच रडवेला झाला होता. "आता कच्चा राजमा देऊ का ताटात?"

बायको उठली. प्रेसच्या दाराच्या आतल्या बाजूला एक खिळा आहे, त्यावर घराची जादा किल्ली असते. तिनं ती काढली आणि ताटात ठेवली.

ताटात किल्ली एवढीशी दिसत होती. शेजारणीने ती उचलून खिशात टाकली, वरून चाचपून बघितली. "ग्रँड," ती म्हणाली आणि ताट काखेत मारून पावसात निघून गेली.

"सो आर वी स्टेइंग?" लेकीने विचारलं. तिच्या हातात पेन तयार होतं.

मी बायकोकडे बघत होतो.

"बघत काय बसलात?" ती माझ्यावर खेकसली. "मेन चालू करा. मला माझ्या घरी आंघोळ करायची आहे."